मुलीच्या आवडीच्या कॉलेजसाठी आईवडिलांनी कर्ज काढावं का? (अमेरिका)

पाणकोळी | १० एप्रिल २०२६, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे निकाल लागले आणि आता दोन नावांवर गाडी अडली आहे. एक आमच्याच राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी, ऑनर्स प्रोग्रॅमसकट. राहणंखाणं धरून वर्षाला ३४,००० डॉलर. दुसरी पूर्व किनाऱ्यावरची नामांकित खाजगी. तिथे वर्षाला ९२,००० आणि मदत शून्य. विषय दोन्हीकडे अर्थशास्त्र.

५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) १,४०,००० साठले आहेत. पगारातून वर्षाला २५,००० ओढूनताणून निघतील. धाकटा आठवीत आहे, त्याचं वेगळं खातं आहे पण त्यात फारसं काही नाही.

नवऱ्याचं म्हणणं, पोरीने चार वर्षं मान मोडून अभ्यास केला, आता पैशासाठी नाही कसं म्हणायचं? पेरेंट प्लस कर्ज (सरकारकडून पालकांच्या नावावर मिळणारं) काढू, फेडू. मला हे झेपेलसं वाटत नाही, पण तिच्यासमोर बोलायचं धाडसही होत नाही. १ मेपर्यंत कळवायचं आहे. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया लिहा.

तिरकस | १० एप्रिल, ९:५५

खाजगी कॉलेजचा गाडीच्या मागच्या काचेवर लावायचा स्टिकर ऑनलाइन पाच-सहा डॉलरला मिळतो. तो लावा आणि मुलीला सरकारीत पाठवा. मंडळाच्या गणपतीत कोण प्रवेशपत्र तपासतंय?

(हलके घ्या.)

हिशेबनीस | १० एप्रिल, १०:३०

भावना बाजूला ठेवून आधी आकडे मांडू.

खाजगी: ९२,००० गुणिले ४ म्हणजे ३,६८,०००. त्यातून ५२९ चे १,४०,००० आणि पगारातले १,००,००० वजा केले की उरतात १,२८,०००. फी चार वर्षं वाढणार नाही असं धरून. ती वाढतेच.

सरकारी: ३४,००० गुणिले ४ म्हणजे १,३६,०००. हे ५२९ मध्येच भागतं. पगाराला हात लावायची गरज नाही.

आता ते १,२८,००० कुठून येणार? मुलीच्या नावावर फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोन वर्षं ७,५००. एकूण २७,०००. त्याच्या वर पेरेंट प्लस. इथे मेख आहे. गेल्या वर्षीच्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने पेरेंट प्लस घेणाऱ्यांना मर्यादा घातली आहे: वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,०००. तुमच्या मुलीचं पहिलं सत्र नेमकं त्यानंतर सुरू होतंय. म्हणजे २७ आणि ६५ मिळून ९२ हजार. तरी ३६,००० कमी पडतात. ते खाजगी बँकेकडून घ्यावे लागतील आणि बँक जामीन मागेल. जामीनदार कोण? तुम्हीच.

पेरेंट प्लसचा चालू वर्षाचा व्याजदर ८.९४ टक्के. शिवाय ४.२२८ टक्के फी आधीच कापून घेतात. २०,००० चं कर्ज काढलंत तर कॉलेजच्या खात्यात १९,१५० च्या आसपास पोचतात, व्याज मात्र पूर्ण वीस हजारांवर. आणि ते पहिल्या दिवसापासून. ६५,००० दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना साधारण ८२० डॉलर. मुलगी शिकत असताना साठलेलं व्याज यात धरलेलं नाही.

तुमचं वय विचारत नाही, पण धाकटा कॉलेजात जाईल तेव्हा मोठीची चार वर्षं नुकती संपलेली असतील. ते साल डोळ्यासमोर आणा.

गुलबक्षी | १० एप्रिल, १०:४८

हिशेबनीस, +१. गेल्या वर्षी तुमच्यासारखं कोणी आकडे मांडून दिले असते तर बरं झालं असतं.

सीमापार | १० एप्रिल, ११:१०

मी वेगळं बोलणार. आपल्यातले निम्मे लोक कर्ज काढूनच इथे आले ना? माझ्या वडिलांनी राहतं घर गहाण ठेवलं होतं एमएससाठी. तेव्हा कोणी बेरीज-वजाबाकी केली असती तर मी आज नाशिकमध्ये असतो. शिक्षणासाठीचं कर्ज वाईट नसतं. मुलगी हुशार आहे, अर्थशास्त्र घेतेय, चांगल्या नावाच्या कॉलेजातून न्यूयॉर्कच्या बँकांचे दरवाजे उघडतात. सरकारीतून तिथे पोचायला जोर लावावा लागतो.

उंटावरचा शहाणा | ११ एप्रिल, सकाळी ६:२०

@सीमापार, दोन गोष्टींची गल्लत होतेय. तुम्ही दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी कर्ज काढलंत, पुढे पगार डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत. तो सौदाच वेगळा. इथे पर्याय आहे तो त्याच देशात, त्याच विषयात, चांगल्या कॉलेजातला. ऑनर्समध्ये प्रवेश मिळालाय. तुमच्यापुढे असा पर्याय होता का?

वेताळटेकडी | ११ एप्रिल, ७:०५

नावाचा फायदा किती, यावर अभ्यास झालेले आहेत. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा निबंध प्रसिद्ध आहे. मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्या मुलांची मिळकत त्यांनी तपासली. तिथे गेलेल्या तशाच मुलांपेक्षा ती फारशी कमी निघाली नाही. म्हणजे हुशारी मुलांबरोबर जाते. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचा, त्यांना नावाचा फायदा होतो.

सीमापार | ११ एप्रिल, ७:४०

अर्धंच सांगितलंत. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही (हार्वर्ड-येलसारखी नामांकित खाजगी) आणि त्या पंक्तीतल्या कॉलेजांची तुलना राज्यांच्या आघाडीच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांशी केली. सरासरी मिळकतीत फार फरक नाही हे खरं. पण सगळ्यात वरच्या एक टक्का कमाईत पोचायची शक्यता बरीच वाढते, आणि मोठ्या नावाच्या कंपन्यांत नोकरी लागायचीही.

वेताळटेकडी | ११ एप्रिल, ७:५२

मान्य. पण तो अभ्यास मोजक्या बारा कॉलेजांचा आहे. पाणकोळी, तुमचं कॉलेज त्या बारांतलं आहे का? नसेल तर ९२,००० घेणाऱ्या प्रत्येक जागेला हे लागू होत नाही. फी आयव्हीसारखी घेतात म्हणून कॉलेज आयव्ही होत नाही.

पाणकोळी | ११ एप्रिल, ८:३०

बारांतलं नाही. क्रमवारीत पंचविसाच्या आतबाहेर असतं.

तिरकस | ११ एप्रिल, ८:३३

म्हणजे नाव इतकं मोठं, की भारतातल्या नातेवाइकांना स्पेलिंग सांगावं लागेल.

ओंजळ | ११ एप्रिल, दुपारी १२:१५

मी इथे सहसा वाचनमात्र असते, आज लिहिते कारण मी त्या मुलीच्या जागी होते. वय २६. आईबाबांनी माझ्यासाठी पेरेंट प्लस काढलं होतं आणि मला ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कळलं, तेही टेबलावर पडलेल्या पत्रावरून. तोपर्यंत मला वाटत होतं, साठवलेले पैसे वापरतायत. पत्रावर शिल्लक रक्कम बघितली आणि त्याच आठवड्यात मी विषय बदलला. मानसशास्त्र सोडून डेटा सायन्स. कोणी सांगितलं नव्हतं. आईला आजही वाटतं मला आवड होती म्हणून बदलला.

पहिल्या नोकरीत बॉस भयंकर होता. सोडली नाही, कारण बाबांना महिन्याला निम्मा हप्ता मी पाठवत होते. कायद्याने माझ्यावर एक पैशाचं बंधन नव्हतं, प्लस कर्ज पालकांच्याच नावावर असतं. पण घरात असं चालतं का?

मावशी, माझं एवढंच म्हणणं आहे की तिला आकडे दाखवा. सगळे. हिशेबनीस काकांनी लिहिलंय तसे. सतरा वर्षांच्या मुलीला हप्ता म्हणजे काय ते कळतं. आपण त्यांना लहान समजतो.

गुलबक्षी | ११ एप्रिल, १२:४०

ओंजळ, खूप छान लिहिलंस गं. वाचनमात्र राहू नकोस.

खडीसाखर | ११ एप्रिल, १:२०

सगळे ९२,००० वर बोलतायत म्हणून. मदतीचं पत्र नीट वाचलंय ना? आमच्या मोठ्याला आलेल्या एका पत्रात ‘तुमचं मदत पॅकेज’ असा ठळक मथळा होता. खाली ग्रँट ४,०००, वर्क-स्टडी २,५००, फेडरल कर्ज ५,५००, आणि शेवटची ओळ पेरेंट प्लस, उरलेली सगळीच्या सगळी रक्कम. सगळ्याची बेरीज करून ‘तुमचा खर्च: ०’. नवरा म्हणाला, अगं फुकट झालं की! हे आपल्याच बाबतीत होतं असं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे जीएओने, २०२२ मध्ये अशी पत्रं तपासली. ९१ टक्के कॉलेजं खरा खर्च एकतर सांगतच नव्हती किंवा कमी दाखवत होती.

कर्ज म्हणजे मदत नव्हे. वर्क-स्टडीसुद्धा आधी मिळत नाही, काम करून कमवावी लागते आणि हातात पडते पंधरवड्याच्या चेकने. फी भरायच्या दिवशी तिचा उपयोग नाही.

चकवाचांदणं | ११ एप्रिल, २:०५

‘मदत शून्य’ ला अपील केलंय का? कॉलेजला पत्र लिहिता येतं. उत्पन्न घटलं असेल, आईवडिलांच्या आजारपणावर खर्च झाला असेल, भारतात पैसे पाठवत असाल, तर कागद जोडा. भारतात पाठवलेले पैसे सगळी कॉलेजं धरत नाहीत, पण विचारायला काय जातंय? दुसऱ्या तोडीच्या कॉलेजने स्कॉलरशिप दिली असेल तर तेही पत्र जोडायचं. मात्र भाव करतोय असं दिसता कामा नये. ‘मुलीची पहिली पसंती तुम्हीच आहात, फक्त इतकं अंतर भरून निघालं तर’ अशा सुरात.

उडदामाजी | ११ एप्रिल, २:३०

आमचं दुखणं वेगळं. वर्षाला दोन लाख पंधरा हजार घरात येतात, न्यू जर्सीत. हार्वर्ड आणि एमआयटी दोन लाखांच्या आतल्या घरांना ट्यूशन (शिकवण्याची फी) माफ करतात, आम्ही जरा वर. गरीब नाही म्हणून मदत नाही, श्रीमंत नाही म्हणून चेक फाडता येत नाही. त्यात २०२४-२५ पासून फाफ्सामध्ये (सरकारी मदतीच्या अर्जात) दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असल्याची सवलत गेली. आमची जुळी आहेत!

खडीसाखर | ११ एप्रिल, २:४४

जुळी असतील तर सीएसएस प्रोफाइल (फाफ्साशिवायचा मदतीचा वेगळा अर्ज) मागणारी कॉलेजं बघा. त्यांतली बरीच स्वतःचा पैसा वाटताना दुसरं मूल कॉलेजात आहे हे अजूनही धरतात. आणि हार्वर्डची पायरी एकदम तुटत नाही, दोन लाखांच्या वरही परिस्थितीनुसार मदत असते. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती पडेल ते सांगणारा) असतो, २०११ पासून कायद्यानेच ठेवावा लागतो. अर्ज करायच्या आधी भरून बघायचा. आपले लोक आधी एसएटीला हजारो घालतात आणि हा वीस मिनिटांचा फॉर्म भरत नाहीत.

दूरदेशी | ११ एप्रिल, ४:१०

अवांतर: जर्मनीला पाठवा! सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन नाही.

बर्लिनकर | ११ एप्रिल, ४:५५

हे वाक्य वाचलं की मला निबंध लिहावासा वाटतो. आवरतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदवीला सत्रामागे २,००० ते ३,००० सुरू केले. राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) दाखवावे लागतात. आणि पदवीचे बहुतांश अभ्यासक्रम जर्मनमध्ये. स्वस्त आहे हे खरंच, पण ‘फुकट’ ऐकून येणाऱ्यांना पहिल्याच हिवाळ्यात घरभाडं समजतं.

मोगरा_पुणे | ११ एप्रिल, ५:३०

भारतातून वाचतेय. आमच्याकडे शैक्षणिक कर्जावर कोर्स अधिक एक वर्ष सवलत असते, मग हप्ते. व्याजावर आठ वर्षं करवजावट, तीही जुनी करप्रणाली घेतली तर. तुमच्याकडे म्हणे दिवाळखोरी काढली तरी हे कर्ज सुटत नाही? खरं का?

हिशेबनीस | ११ एप्रिल, ६:१५

जवळजवळ खरं. १९७६ पासून बंधनं यायला लागली. १९९८ मध्ये फेडरल कर्जांना काही वर्षांनी मिळणारी सूट काढून टाकली, २००५ मध्ये बहुतेक खाजगी विद्यार्थी कर्जंही त्यात ओढली. कोर्टात ‘अतोनात हलाखी’ सिद्ध केली तरच सुटका. क्रेडिट कार्डावर जुगार खेळलात तरी त्यापेक्षा सोपं सुटता येतं.

आणि ‘पुढे सरकार माफ करेल’ या आशेवर कोणी राहू नये. बायडन यांची १०,००० ते २०,००० ची माफी सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये रद्द केली. दुसरं म्हणजे, जुलैनंतर काढलेल्या पेरेंट प्लसला उत्पन्नानुसार हप्ता ही सोयच नाही. नोकरी गेली तरी हप्ता तोच.

तिरकस | ११ एप्रिल, ६:२०

हिशेबनीस, तुम्ही लग्न जमवायच्या कामात पडू नका.

कळलावी | ११ एप्रिल, रात्री ८:००

कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांचं स्वस्त स्थानिक कॉलेज) नाव अजून कोणी काढलं नाही? की ते आपल्यात उच्चारायचं नसतं? माझा मुलगा कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला गेला, मग यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्स्फर. यूसीच्या सहा कॅम्पसना ट्रान्स्फरची हमी योजना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. ठरलेले विषय आणि ठरलेली जीपीए (गुणांची सरासरी) राखली की जागा नक्की. पदवीवर नाव यूसीचंच. त्या दोन वर्षांत मंडळातल्या एक बाई मला दर वेळी ‘तब्येत बरी आहे ना त्याची?’ असं विचारायच्या.

उंटावरचा शहाणा | ११ एप्रिल, ८:२५

माझ्या पुतण्याने तर कॉलेजच सोडलं आणि इलेक्ट्रिशियनच्या युनियनची अप्रेंटिसशिप धरली. पाच वर्षांची असते, शिकताना पगार मिळतो. वहिनी अजून लोकांना ‘इलेक्ट्रिकलला आहे’ एवढंच सांगतात. खोटं काहीच नाही त्यात.

गुलबक्षी | ११ एप्रिल, ८:३१

😂😂 इलेक्ट्रिकलला आहे!

सीमापार | ११ एप्रिल, ९:१०

हसा, पण मूळ प्रश्नाकडे या. मुलीच्या मनाचं काय? एकदा ‘पैशामुळे राहिलं’ हे बसलं की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

मायमराठी_टेक्सस | ११ एप्रिल, ९:४५

ऐकून घ्यावं. मी घेतलंय. मोठीला खाजगीला नाही म्हटलं, सहा महिने फोनवर ‘हं’ आणि ‘ठीक’. मग सरकारीच्या ऑनर्समध्ये तिला प्राध्यापकाबरोबर संशोधनाचं काम मिळालं, कारण तिथे त्या रांगेत उभी असलेली मुलं कमी होती. आता ती मेडिकलला आहे. डॉक्टरकीच्या वाटेवर ज्यांची मुलं आहेत त्यांनी हे वाचाच: ग्रॅड प्लस कर्ज (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज) नव्या विद्यार्थ्यांसाठी या १ जुलैपासून बंद. मेडिकल, डेंटल, लॉ अशांना फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० पर्यंतच. खाजगी मेडिकलचा चार वर्षांचा खर्च त्याच्या पलीकडे जातो. सगळी पुंजी पदवीवर उधळली तर पुढे काय घेऊन जाणार?

चकवाचांदणं | ११ एप्रिल, १०:०२

हा मुद्दा अर्थशास्त्रालाही लागू आहे. पुढे मास्टर्स किंवा लॉ करायचं असेल तर ५२९ मधले उरलेले तिथे वापरता येतात. धाकट्याच्या नावावरही करता येतात, दंड नाही.

एच४_वाली | १२ एप्रिल, सकाळी ७:३०

इथे सगळे फेडरल कर्ज घ्यावं की न घ्यावं यावर बोलतायत. आमच्या मुलाला ते मिळतच नाही, एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं झाली. फाफ्सा भरून उपयोग नाही, काही कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, आणि एकविसाव्या वर्षी व्हिसा बदलावा लागेल. दुसरी इयत्तेपासून इथे शिकलाय. तक्रार नाही, पण नवीन आलेल्यांनी मूल आठवीत असतानाच आपल्या राज्यात एच-४ ला इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी मिळते का, हे बघून ठेवावं.

पाणकोळी | १२ एप्रिल, ८:१५

एच४_वाली, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमचं ग्रीन कार्ड ती पाचवीत असताना आलं.

सगळ्यांचे आभार. काल रात्री ओंजळने सांगितलं तसं केलं. हिशेबनीसांची बेरीज कागदावर लिहून तिघं बसलो. तिने पहिला प्रश्न विचारला तो ६५,००० वर नव्हता, ‘यातले दादूचे (म्हणजे धाकट्याचे) किती?’ हा होता. मग खोलीत गेली. नवरा माझ्यावर चिडलाय, म्हणतो तू तिला घाबरवलंस. त्याचं अजून ‘बघू, होईल’ च चालू आहे. अपील मात्र त्यानेच लिहायला घेतलंय.

पाणकोळी | २१ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

अपडेट: अपीलला उत्तर आलं. वर्षाला ६,००० ची ग्रँट दिली आहे. नवरा खूश, म्हणतो दरवाजा उघडला. मला वाटतं चार वर्षांचे २४,००० म्हणजे फक्त खाजगी बँकेच्या कर्जातले दोन तृतीयांश गेले.

दरम्यान लेकीने स्वतःच सरकारीच्या ऑनर्स विभागाला फोन करून अर्थशास्त्राच्या मुलांना उन्हाळी इंटर्नशिप कुठे लागतात ते विचारलं. तिने अजून काही सांगितलेलं नाही.

खडीसाखर | २१ एप्रिल, ७:०५

६,००० दरवर्षी की पहिल्याच वर्षी? पत्रात ‘रिन्यूएबल’ शब्द आहे का बघा, आणि जीपीएची अट. काही ठिकाणी ३.५ मागतात आणि पहिल्या सत्रात तेवढ्यावर घसरगुंडी होते.

हिशेबनीस | २१ एप्रिल, ७:२०

आणि सरकारीचं हॉस्टेल डिपॉझिट भरून ठेवा. बहुतेक ठिकाणी थोडीच रक्कम असते. मेमध्ये खोल्या उरत नाहीत.

पाणकोळी | २१ एप्रिल, ७:४८

पत्र काढलं. ‘२०२६-२७ साठी’ एवढंच लिहिलंय. उद्या सकाळी फोन करते. डिपॉझिट आत्ताच भरलं, २०० डॉलर.

तिरकस | २१ एप्रिल, ७:५०

नवऱ्याला सांगितलंत का?

पाणकोळी | २१ एप्रिल, ७:५३

कार्ड त्याचंच आहे. मेसेज गेला असेल.